मातीतून बॅक्टेरियाची 'नवी स्पीशीज' सापडली? आधी या चुका टाळा

ब्लास्टमध्ये (डीएनएचा सिक्वेन्स डेटाबेसशी जुळवणारं टूल) जवळच्या स्पीशीजशी ९७.९ टक्के जुळलेलं दिसलं रे दिसलं की मेसेज येतो, "नवी स्पीशीज सापडली!" मी फक्त विचारतो, सिक्वेन्स केवढा आहे? उत्तर बहुतेक वेळा सातशे-आठशे बेस. अहो, १६एस जीन (बॅक्टेरिया ओळखायला वापरतात ते) साधारण १५०० बेसचं असतं, अर्ध्यावर निकाल कसा लावणार? २७एफ आणि १४९२आर (जीनच्या दोन टोकांचे प्रायमर) दोन्हीकडून वाचून घ्या, क्रोमॅटोग्राम (सिक्वेन्सचा मूळ आलेख) स्वतःच्या डोळ्यांनी बघा, टोकांचा कचरा कापा आणि तुलना टाइप स्ट्रेनशीच (ज्याच्यावर स्पीशीजचं नाव ठरलं तो नमुना) करा. 'अनकल्चर्ड बॅक्टेरियम'शी (ज्याचा फक्त सिक्वेन्स आहे, कोणी वाढवलेला नाही) जुळून काय मिळणार. मी इझबायोक्लाउडवर (टाइप स्ट्रेनच्या १६एसचा डेटाबेस) बघतो, नावं एलपीएसएनवर (बॅक्टेरियांच्या नावांची यादी).

बरं, ९७ टक्क्यांच्या खाली जुळलं तर नवी स्पीशीज, ही रेषाही १९९४ मधली, आता ९८.७ च्या आसपास धरतात. त्याच्या वर गेलं म्हणजे जुनीच स्पीशीज असंही नाही, बॅसिलस सेरियस, थुरिंजिएन्सिस आणि अँथ्रॅसिस यांचं १६एस ९९ टक्क्यांच्या वर जुळतं, आणि एक पोट बिघडवतो, एक अळ्या मारतो, एक अँथ्रॅक्स देतो. शेवटी जीनोम करावाच लागतो. जवळच्या सगळ्या टाइप स्ट्रेनशी एएनआय ९५-९६ टक्क्यांच्या खाली आणि डिजिटल डीडीएच ७० टक्क्यांच्या खाली (दोन्ही पूर्ण जीनोम किती जुळतात याची मापं) आलं, तर पुढे बोलू.

पण माझं खरं डोकं फिरतं ते प्युरिटीवरून, म्हणजे कल्चरमध्ये खरंच एकच बॅक्टेरिया आहे का यावरून. ओळखीतल्या एका पोराकडे चिकट, चकचकीत कॉलनी होती, प्लेटवर सगळ्या एकसारख्या. फॅटी ॲसिडमध्ये अँटेआयसो-सी१५ भरपूर आणि सी१८:१ ओमेगा-७ पण भरपूर, म्हणजे ग्राम पॉझिटिव्ह आणि ग्राम निगेटिव्ह (पेशीभित्तीवरून पडणारे बॅक्टेरियाचे दोन गट) एकाच घरात नांदतायत! जीनोम आला बारा मेगाबेसच्या (एक मेगाबेस म्हणजे दहा लाख बेस) वर, दोघांचा मिळून असावा इतका, तरी हा म्हणतो "युनिक ऑर्गॅनिझम आहे". पेपरचा ड्राफ्ट तयार, नावसुद्धा ठरलेलं. मी सस्पेन्शन ८० डिग्रीला दहा मिनिटं ठेवून प्लेट करायला लावलं. रायझोबियम मेला, त्याच्या चिकट थरात लपलेला पेनिबॅसिलस स्पोरच्या (उष्णता सोसणारं सुप्त रूप) जोरावर एकटा उगवला. महिन्यांचं काम पाण्यात.

म्हणून माझी सवय अशी की चिकट कॉलनी दिसली की सलाइनमध्ये ट्वीन ८० चा (साबणासारखं काम करणारा द्रव) थेंब टाकून व्हॉर्टेक्स, डायल्यूट, मग स्ट्रीक, हे लागोपाठ तीन वेळा तरी, प्लेट जुनी होऊ देऊन परत बघायची, आणि वेगळ्या मीडियावरही टाकायची. कंटाळवाणं आहे, माहितीय. ज्याला घाई आहे त्याने दुसरा विषय घ्यावा. जीनोम आला की त्यातलं १६एस आधी सँगर पद्धतीने वाचलेल्या १६एसशी जुळतंय का हे पाच मिनिटांत कळतं, तेही लोक करत नाहीत.

बाकीचं पटकन. न्यूट्रिएंट अगारवर दोन दिवसांत प्लेट फेकू नका, आर२ए (कमी पोषणाचं मीडियम) वर २८ डिग्रीला दोन-चार आठवडे थांबा, हळू वाढणारे तिथेच भेटतात. जुन्या कल्चरचा ग्राम स्टेन करू नका, पॉझिटिव्हही गुलाबी दिसतात. रेफरन्स स्ट्रेनचा डेटा दुसऱ्यांच्या पेपरमधून उचलू नका, तुमच्याच मीडियावर, तुमच्याच तापमानाला सोबत वाढवा. ग्लिसरॉल स्टॉक पहिल्याच दिवशी उणे ८० ला. स्वतःचं नाव स्पीशीजला देऊ नका, प्लीज.

आणि दोन वेगवेगळ्या देशांतल्या कल्चर कलेक्शनमध्ये स्ट्रेन जमा केल्याची सर्टिफिकेट लागतात, ती पेपर लिहून झाल्यावर मागवायला घेतली तर नुसतं बसून राहावं लागतं, एएनआय आला की त्याच आठवड्यात पार्सल पाठवा.