वकिलांविषयी तक्रार असेल तर आधी रोजनामा पाहा

वकील फोन उचलत नाहीत, तारखेला काय झाले ते सांगत नाहीत, फी देऊनही काम पुढे सरकत नाही, अशा वेळी पक्षकार रागाच्या भरात दुसरे वकील शोधू लागतो. त्याआधी आपल्या दाव्याची आजची स्थिती स्वतःच्या डोळ्यांनी पाहावी. प्रत्येक प्रकरणाला 16 अंकाक्षरांचा सीएनआर क्रमांक असतो. तो ई-कोर्ट्सच्या ॲपमध्ये टाकला की मागच्या तारखांना काय घडले याची न्यायालयाने ठेवलेली नोंद, म्हणजे रोजनामा, आणि पुढची तारीख कोणती, हे घरबसल्या समजते. क्रमांक माहीत नसल्यास पक्षकाराच्या नावानेही शोध घेता येतो.

आमच्या थोरल्या चुलत्यांचा वाटपाचा दावा कोल्हापुरात कसबा बावड्याच्या न्यायसंकुलात चालू होता. "आबा, पुढची तारीख पडलीय, तुम्ही यायची गरज नाही," एवढेच उत्तर त्यांना वकिलांकडून मिळत असे. शेवटी आम्ही मोबाईलवर पाहिले, तेव्हा वादी व वादीचे वकील पुकारा करूनही गैरहजर, सबब दावा काढून टाकण्यात येतो, असा आदेश समोर आला. त्या आदेशाला 22 दिवस झाले होते. असा दावा पुन्हा चालू करण्यासाठीच्या अर्जाची मुदत आदेशापासून 30 दिवसांची असते, म्हणजे आमच्या हाती आठ दिवस उरले होते. आबा वकिलांविरुद्ध तक्रार लिहायला बसले होते. तो कागद आम्ही बाजूला ठेवायला लावला, आदेशाची नक्कल काढली आणि आधी अर्ज दाखल केला. पुढे खर्च भरण्याच्या अटीवर दावा मूळ नंबरावर आला, म्हणजे पुन्हा चालू झाला.

क्रम हाच ठेवावा: आधी दावा वाचवावा, वकिलांचा हिशेब नंतर करावा. प्रतिवादीविरुद्ध एकतर्फी हुकूमनामा, म्हणजे त्याच्या गैरहजेरीत निकाल, झाला असेल, तर तो रद्द करून घेण्याची मुदतही 30 दिवसांचीच आहे. मुदत टळली असल्यास विलंब माफीचा अर्ज करता येतो, पण त्यात विलंबाचे कारण पटवून द्यावे लागते. वकिलाच्या चुकीची शिक्षा निर्दोष पक्षकाराला होऊ नये, असे सर्वोच्च न्यायालयाने 1981 मध्ये रफिक विरुद्ध मुन्शीलाल या प्रकरणात म्हटले. तथापि वर्षानुवर्षे चौकशीच न करणाऱ्या पक्षकाराला तेवढ्यावर दिलासा मिळेल, असे समजू नये.

दोष नेमका कोणाचा, हेही रोजनाम्यावरूनच ठरते. न्यायाधीश रजेवर होते म्हणून किंवा समन्स बजावले गेले नाही म्हणून तारखा लांबल्या असतील, तर तो वकिलांचा दोष नव्हे, आणि दावा हरणे म्हणजे गैरवर्तन नव्हे. उलट, तुमच्या संमतीशिवाय तडजोडीची पुरशिस (न्यायालयाला दिलेले लेखी निवेदन) देणे, कोर्ट फीसाठी घेतलेले पैसे न भरणे किंवा तुमच्याच प्रकरणात विरुद्ध पक्षाचे काम करणे, या गंभीर बाबी आहेत. भूसंपादनाच्या मोबदल्यात टक्का मागणे, म्हणजे निकालावर अवलंबून फी ठरवणे, हेही वकिलांच्या आचारसंहितेला मान्य नाही. म्हणूनच कोऱ्या कागदावर सही कधीही करू नये आणि दिलेल्या प्रत्येक रकमेची पावती मागावी. पावती मागणे म्हणजे अविश्वास दाखवणे, हा आपल्याकडचा संकोच पक्षकारालाच महागात पडतो.

वकील बदलायचेच ठरले, तर आधीच्या वकिलांना स्पीड पोस्टाने पत्र पाठवून ना हरकत आणि कागदपत्रे मागावीत. वकीलपत्र, म्हणजे वकिलांना आपल्या वतीने काम करण्याचा दिलेला लेखी अधिकार, नुसत्या तोंडी बोलण्याने संपत नाही. ते न्यायालयाच्या परवानगीने लेखी संपवावे लागते, आणि ना हरकत मिळत नसेल तर नवे वकील न्यायालयाकडेच परवानगी मागतात. फी बाकी आहे म्हणून मूळ दस्त, सातबारे अडवून ठेवण्याचा अधिकार वकिलांना नाही. सर्वोच्च न्यायालयाने 2000 साली आर. डी. सक्सेना प्रकरणात हे स्पष्ट केले आहे. फीची वसुली त्यांना वेगळ्या मार्गाने करता येते.

तक्रार कोठे करावी, याबाबत मोठा गैरसमज आढळतो. स्थानिक बार असोसिएशन मध्यस्थी करू शकते, परंतु सनदेवर, म्हणजे वकिली करण्याच्या परवान्यावर, कारवाई करण्याचा अधिकार तिला नाही. तो अॅडव्होकेट्स अॅक्ट, 1961 च्या कलम 35 अन्वये महाराष्ट्र व गोवा बार कौन्सिलच्या शिस्तपालन समितीला आहे. 18 ऑगस्ट 2025 पासून उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच (मुंबईबाहेर बसणारे खंडपीठ) कोल्हापुरात सुरू झाले असले, तरी ही तक्रार बार कौन्सिलकडे मुंबईलाच जाते. तक्रारीत तारीखवार घटना लिहाव्यात आणि रोजनाम्याच्या नकला, पावत्या, पत्रांच्या पोचपावत्या जोडाव्यात. नुसता संताप लिहिलेली तक्रार टिकत नाही. एका वर्षात निकाल लागला नाही, तर प्रकरण भारतीय बार कौन्सिलकडे वर्ग होते. ग्राहक आयोगात मात्र जाऊ नये, कारण वकिलांची सेवा ग्राहक संरक्षण कायद्याखाली येत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने मे 2024 मध्ये दिला आहे. पैशांचा अपहार झाला असेल, तर पोलिसांकडे वेगळी तक्रार करता येते.

नव्या वकिलांच्या फीची सोय नसेल, तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करावा. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातींचे पक्षकार आणि दिव्यांग यांना तेथे उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. 15100 या क्रमांकावर चौकशी करता येते.