निवेदन दिलं, फोटोही काढला, तरी काम अडलं? या चुका टाळा

जळगाव जिल्ह्यात रावेर-यावलकडे वादळी वारं सुटलं की केळीच्या बागा झोपतात आणि दुसऱ्या दिवशी तहसीलला निवेदनं पडतात. मागणी बहुतेक वेळा रास्तच असते. चुकते ती वेळ, नाहीतर दार.

आधी वेळेचं. केळीच्या फळपीक विम्यात किती अंश तापमान, किती वेगाचा वारा, हे निकष हंगामाआधीच्या शासन निर्णयात बसलेले असतात आणि विमा कंपनीचा हप्त्याचा दरही त्यावरच ठरलेला असतो. बाग आडवी झाल्यावर हे निकष तहसीलदार बदलू शकत नाहीत, एकटे आमदारही नाहीत. बदल हवा असेल तर विमा कंपनी निवडायची निविदा निघण्याआधी पुण्याचं कृषी आयुक्तालय गाठा, आणि रिकाम्या हाताने जाऊ नका. तुमच्या महसूल मंडळाचं हवामान केंद्र झाडांच्या आडोशाला असेल तर तिथे वारा कमीच नोंदला जाणार. साहेबांना हे पुण्यात बसून कसं दिसणार? केंद्राचे फोटो, शेजारच्या मंडळाच्या नोंदी द्या. टिपणी लिहायला त्यांनाही आधार लागतो. संघटनेचं वजन मोर्चापेक्षा इथे जास्त पडतं, असं माझं मत. (मोर्चाने आमदार हलतात, तेही लागतंच.)

दुसरं, चुकीचं दार. कापसाचा हमीभाव आणि आयात शुल्क दोन्ही दिल्लीत ठरतात. ऑगस्ट 2025 मध्ये केंद्राने कापसावरचं 11 टक्के आयात शुल्क माफ केलं. आधी 30 सप्टेंबरपर्यंत, मग 31 डिसेंबरपर्यंत. म्हणजे नेमका आपला कापूस घरात यायच्या वेळी. ती मागणी गिरणीवाल्यांच्या संघटनांची होती आणि त्यांनी ती थेट दिल्लीत लावून धरली. आपलं निवेदन जिल्हाधिकारी कार्यालयातून ‘पुढील कार्यवाहीस’ निघेपर्यंत वेचणी सरते. अशा कामाला खासदार धरा.

आमदारांकडे गेलात तर ‘आमचा प्रश्न मांडा, भाऊ’ एवढ्यावर थांबू नका. तारांकित प्रश्न म्हणजे सभागृहात मंत्र्यांनी तोंडी उत्तर द्यायचा प्रश्न. पण त्या उत्तराचा मसुदा ज्या खात्याबद्दल विचारलं, त्याच खात्यातला कक्ष अधिकारी करतो. प्रश्न मोघम असला की उत्तर येतं, ‘तपासणी सुरू आहे’. अमुक मंडळाचं केंद्र कोणत्या तारखेला तपासलं, अहवालात काय आहे, असं विचारलं की पळवाट उरत नाही. शिवाय खान्देशात 20 आमदार आहेत. एकाच पक्षाच्या दारात गेलात तर मागणीला त्या पक्षाचा रंग चढतो.

काम अडलं की ‘त्या साहेबाची बदलीच करा’ म्हणणारेही असतात. नवा माणूस फाईल पहिल्या पानापासून वाचतो. त्यापेक्षा निवेदन देताना आवक क्रमांक, म्हणजे ते मिळाल्याच्या नोंदीचा नंबर, घ्या. बदल्यांच्या 2005 च्या कायद्यातच दप्तरदिरंगाईचंही कलम आहे: एका टेबलावर फाईल सात कामकाजाच्या दिवसांहून जास्त पडून राहता कामा नये. त्याचा हवाला देऊन लेखी विचारा.

आणि मंत्र्यांनी सभेत ‘करून टाकतो’ म्हटल्यावर लगेच फटाके वाजवू नका. पैशांचा विषय असेल तर वित्त विभागाची सहमती लागते. शासन निर्णय आला की शेवटचं पान उघडा. वित्त विभागाने सहमती दिल्याची खूण, म्हणजे त्यांचा अनौपचारिक संदर्भ क्रमांक, बहुधा तिथेच असतो.