दृष्टिहीन व्यक्तीने ब्लूटूथ जीपीएस रिसीव्हर कसा निवडावा

वेगळा रिसीव्हर विकत घेण्यापूर्वी तो खरोखर लागतो का, हे आधी ठरवावे. फोनमध्ये जीपीएस असतोच, आणि २०१८ पासून बाजारात आलेल्या काही फोनमध्ये तर एल-१ आणि एल-५ अशा दोन वारंवारितांवर उपग्रहांचे संदेश घेणारी चिप असते. मोकळ्या आकाशाखाली साध्या स्मार्टफोनची चूकही साधारणपणे पाच मीटरच्या आसपास राहते. असा फोन गळ्यात अडकवून चालणाऱ्याला वेगळ्या रिसीव्हरने फारसे काही मिळत नाही, आणि तसे स्पष्ट सांगणारा विक्रेता मला अजून भेटलेला नाही. मात्र एका हातात पांढरी काठी आणि दुसऱ्या हातात पिशवी घेऊन साताऱ्यात पोवई नाक्यावरून राजवाड्याकडे जायचे असेल, फोन पँटच्या खिशात खोलवर असेल, किंवा फोन जुना असून त्याची बॅटरी दुपारीच संपत असेल, तर खांद्यावर बसणारा आणि ब्लूटूथने फोनशी जोडला जाणारा छोटा रिसीव्हर उपयोगी ठरतो. त्याच्याकडून अपेक्षा मात्र बेताची ठेवावी. गटाराचे तुटलेले झाकण, दुकानापुढे तिरकी लावलेली दुचाकी किंवा आपण रस्त्याच्या डाव्या कडेला आहोत की उजव्या, यांपैकी काहीही तो सांगू शकत नाही. जुन्या पेठांतील कित्येक बोळांची रुंदीच त्याच्या चुकीच्या अंतराएवढी असते. ते काम काठीचे आणि कानांचे आहे.

आता ज्या सल्ल्यांचा मला कंटाळा आला आहे, ते एकदाच निकालात काढतो. जीपीएसला इंटरनेट लागत नाही. ते लागते नकाशा उतरवून घेण्यासाठी, आणि नकाशा आधीच फोनमध्ये उतरवलेला असेल तर तेवढेही लागत नाही. ‘परवान्याशिवाय असे यंत्र बाळगणे गुन्हा आहे’ असे कोणी सांगितल्यास घाबरू नये, कारण भारतात निर्बंध आहेत ते उपग्रहामार्फत संदेश पाठवणाऱ्या यंत्रांवर. आपला रिसीव्हर फक्त ऐकतो, आकाशाकडे काहीही पाठवत नाही. खोक्यावर लिहिलेली चॅनेलांची (म्हणजे उपग्रहांचे संदेश एकाच वेळी ऐकणाऱ्या वाटांची) संख्या पाहून वस्तू निवडू नये. सेकंदाला दहा वेळा स्थान देणारा रिसीव्हर पायी चालणाऱ्याच्या काही कामाचा नसतो. सेकंदाला एकदा दिलेले स्थान पुरेसे आहे, उरलेल्या नऊ वेळा फक्त बॅटरी खर्च होते. ‘अचूकता अडीच मीटर, सीईपी’ असे लिहिलेले असेल, तर त्याचा अर्थ निम्मी स्थाने अडीच मीटरच्या वर्तुळात येतात एवढाच असतो. उरलेली निम्मी कुठे पडतात, ते खोक्यावर नसते.

वस्तू हातात आल्यावर पहिली पाहणी बोटांनी करावी. सरकवण्याचा खटका असलेलाच रिसीव्हर घ्यावा. एकच बटण थोडे दाबले तर चालू, तीन सेकंद दाबले तर बंद आणि पाच सेकंद दाबले तर मूळ स्थितीत, अशी रचना आपल्यासाठी निरुपयोगी आहे, कारण यांपैकी नेमके काय झाले हे सांगणारा एकमेव साक्षीदार म्हणजे रंग बदलणारा दिवा. खटका कोणत्या बाजूला आहे हे बोटाला कळते आणि तेवढ्यावर प्रश्न मिटतो. बॅटरी किती उरली आहे हेही बहुतेक रिसीव्हर दिव्यानेच सांगतात, म्हणून तो रोज रात्री फोनबरोबर चार्जिंगला लावण्याची सवय ठेवावी. चार्जिंगचे तोंड टाइप-सी असल्यास उत्तम, कारण ती पिन उलटसुलट कशीही बसते. रिसीव्हरच्या कोणत्या बाजूखाली अँटेना आहे ते माहितीपत्रकातून कोणाकडून तरी वाचून घ्यावे आणि त्या बाजूवर एम-सीलचा एक छोटा ठिपका लावून ठेवावा. ही बाजू नेहमी आकाशाकडे राहिली पाहिजे.

यापुढचा टप्पा सर्वांत महत्त्वाचा आहे. मी स्वतः याच टप्प्यावर बराच काळ अडकलो होतो, आणि याविषयी मला तेव्हा कोणीही काही सांगितले नव्हते.

असे बहुसंख्य रिसीव्हर मोटारीसाठी तयार झालेले आहेत. सिग्नलला थांबलेल्या मोटारीचे स्थान जीपीएसच्या नैसर्गिक चुकीमुळे पडद्यावर इकडेतिकडे भटकत राहते, आणि ते चालकाला विचित्र दिसते. म्हणून चिप बनवणाऱ्यांनी एक सोय ठेवली: वेग ठरावीक मर्यादेखाली गेला की वाहन थांबले आहे असे समजायचे आणि शेवटचे स्थान गोठवून टाकायचे. मोटारीसाठी ही सोय चांगलीच आहे. पण ही मर्यादा अनेकदा माणसाच्या चालीच्या आसपास असते, आणि काठीने जमीन चाचपत, माणसे व हातगाड्या चुकवत चालणाऱ्या अंध व्यक्तीची चाल त्याहूनही मंद असते. परिणामी रिसीव्हर आपल्याला उभे समजतो. आपण पन्नास-साठ पावले पुढे गेलेलो असतो आणि फोन मागच्याच दुकानाचे नाव घेत असतो. मग अंतर फार वाढले किंवा वेग थोडा वाढला, की स्थान एकदम उडी मारते, आणि जो चौक ‘पुढे’ असल्याचे ऐकले होते तो मागे पडलेला असतो. डोळस माणसाला ही उडी दिसते आणि तो ती हसून सोडून देतो. आपण मात्र तोवर चुकीच्या बोळात वळलेलो असतो.

यात फसवे असे की रिसीव्हर बिघडलेला नसतो. उपग्रह भरपूर मिळालेले असतात, अचूकतेचा आकडा उत्तम असतो, ब्लूटूथ जोडलेले असते, आणि दुकानदाराने मोटारसायकलवर बसवून दाखवलेला नमुना तर अगदी निर्दोष चालतो. म्हणूनच वाहनावरून घेतलेली कोणतीही चाचणी मी चाचणी मानत नाही.

या गोठवण्याला प्रत्येक चिपमध्ये वेगळे नाव आहे, आणि विक्रेत्याला ते नाव घेऊनच विचारावे लागते. जुन्या सर्फस्टार-३ चिपमध्ये ते ‘स्टॅटिक नॅव्हिगेशन’ असते आणि संगणकावरून आज्ञा पाठवून बंद करता येते. मात्र ही निवड आतल्या छोट्या राखीव बॅटरीच्या जोरावर टिकते, त्यामुळे रिसीव्हर दीर्घकाळ पडून राहिला आणि ती बॅटरी पूर्ण उतरली की मूळ खोड परत येऊ शकते. मीडियाटेकच्या चिपमध्ये वेगाची किमान मर्यादा आज्ञेने शून्यावर आणता येते. यू-ब्लॉक्सच्या चिपमध्ये वापराचे नमुने असतात, आणि त्यांतील ‘पेडेस्ट्रियन’ म्हणजे पायी चालणाऱ्याचा नमुना निवडावा, ‘ऑटोमोटिव्ह’ नव्हे. विक्रेत्याला किंवा कंपनीला लेखी प्रश्न एवढाच विचारावा: यात कोणती चिप आहे, आणि कमी वेगाला स्थान गोठवणे मला स्वतःला बंद करता येते का? ‘आमचा माल अचूक आहे’ असे उत्तर आले, तर ते नकारार्थी समजावे.

उत्तर होकारार्थी असले तरी चालून पाहिल्याशिवाय विश्वास ठेवू नये. चाचणी साताऱ्यात अशी घ्यावी. प्रथम जिल्हा परिषदेच्या मैदानासारख्या मोकळ्या जागी जावे, फोनवर अक्षांश, रेखांश व वेग वाचून दाखवणारे ॲप लावावे, आणि आपली रोजची काठीची चाल ठेवून, मुद्दाम थोडे संथच, सरळ चालावे. अक्षांश-रेखांश दशांशात वाचणारे ॲप असेल, तर दशांशचिन्हानंतरचा पाचवा अंक म्हणजे साधारण एक मीटर आणि चौथा अंक म्हणजे साधारण अकरा मीटर, एवढे लक्षात ठेवले की पुरते. चालत असताना पाचवा अंक सतत बदलला पाहिजे. तो बराच वेळ तसाच राहिला आणि वेग शून्य ऐकू आला, तर रिसीव्हर गोठतो आहे. उलट आपण स्तब्ध उभे असताना पाचवा अंक थोडाफार भटकत राहिला, तर ते चांगले लक्षण आहे. अगदी पुतळ्यासारखा स्थिर राहणारा रिसीव्हर पाहून अनेक जण खूश होतात, मी मात्र तो परत पाठवतो.

त्यानंतर हीच चाचणी राजपथावर घ्यावी. पोवई नाक्याकडून राजवाड्याकडे जाताना आपण ढोबळमानाने पश्चिमेकडे जातो, त्यामुळे रेखांशाचा आकडा उतरत गेला पाहिजे, आणि आपण न थांबता तो थांबता कामा नये. शेवटी राजपथावरून खाली कर्मवीर पथाकडे उतरणाऱ्या एखाद्या अरुंद बोळातून जावे. दोन्ही बाजूंच्या इमारतींवर आदळून आलेले संदेश इथे रिसीव्हरला फसवतात, आणि चांगल्यातला चांगला रिसीव्हरही इथे चुकतो. त्यामुळे तो चुकला का हे पाहू नये, बोळातून बाहेर पडल्यावर किती पावलांत सावरला ते पाहावे. दहा-वीस पावलांत सावरणारा घ्यावा. हीच फेरी सांगलीकरांना गणपती पेठेच्या गर्दीत घेता येईल; तिथली सपाटी साताऱ्याच्या उतारांपेक्षा सोपी असली, तरी चाल तितकीच मंदावते आणि महत्त्व त्यालाच आहे.

दिशेबद्दलही याच संदर्भात एक ताकीद देतो. जीपीएसला आपले तोंड कुठे आहे हे कळत नाही. तो फक्त आपण कुठून कुठे सरकलो यावरून दिशा काढतो. उभ्या माणसाला त्याच्याकडून मिळालेली दिशा ही निव्वळ अंदाजपंचे असते. चौकात थांबून, जागेवर वळून, ‘आता उत्तर कुठे’ असे त्याला विचारू नये. ओळखीच्या भिंतीच्या कडेने दहाबारा पावले सरळ चालावे आणि मग ऐकावे. फोनमधले होकायंत्र वापरणारी ॲप उभ्यानेही दिशा सांगतात, पण लोखंडी शटर किंवा विजेच्या खांबाशेजारी तीही भरवशाची नसतात.

पहिल्यांदा सुरू करताना उघड्यावर स्थिर उभे राहावे. स्थान काढायला किमान चार उपग्रह लागतात, आणि प्रत्येक उपग्रहाच्या कक्षेची माहिती त्याच्याकडूनच उतरवून घ्यायला सुमारे अर्धा मिनिट अखंड संदेश लागतो. फोन हीच माहिती इंटरनेटवरून चटकन घेतो, सुट्या रिसीव्हरला ती मुभा नसते. चालू लागलो आणि मध्ये झाड किंवा छप्पर आले, की हा अर्धा मिनिट पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो.

अँड्रॉइड फोनला जोडणे सोपे आहे: ब्लूटूथमध्ये जोडी लावावी, पिन विचारल्यास बहुधा ०००० किंवा १२३४ असतो. त्यानंतर फोनच्या माहितीतील बिल्ड नंबरवर सात वेळा टिचकी मारून (पडदा वाचून दाखवणारे टॉकबॅक चालू असल्यास सात वेळा दोनदा टिचकी मारून) डेव्हलपर ऑप्शन्स हा लपलेला सेटिंगचा भाग उघडावा, आणि तिथे मॉक लोकेशनसाठी (म्हणजे फोनच्या स्वतःच्या जीपीएसऐवजी बाहेरून आलेले स्थान वापरण्यासाठी) रिसीव्हरशी बोलणारे ॲप निवडावे. डेव्हलपर ऑप्शन्स चालू असताना काही बँकांची ॲप उघडण्यास नकार देतात, हे आधीच ठाऊक असलेले बरे. आयफोनवाल्यांनी मात्र आयफोनसाठी बनवल्याचे स्पष्ट लिहिलेलाच रिसीव्हर घ्यावा, इतर ब्लूटूथ रिसीव्हर आयफोन स्वीकारत नाही.

जागा खांद्यावर, पिशवीच्या पट्ट्याच्या सर्वांत वरच्या भागात, एम-सीलचा ठिपका वर करून. शर्टाच्या खिशात उभा ठेवला तर निम्मे आकाश आपल्या अंगानेच झाकले जाते. ढग आणि पाऊस यांनी संदेशाला जाणवेल असा अडथळा होत नाही, म्हणून साताऱ्याच्या पावसात रिसीव्हर प्लॅस्टिकच्या पातळ पिशवीत घालून रेनकोटखाली ठेवला तरी चालतो. ओल्या पानांची दाट झाडी मात्र संदेश कमजोर करते, आणि यवतेश्वरच्या घाटात त्यात डोंगराचीही भर पडते.

सर्व चाचण्या परत करण्याची मुदत संपण्यापूर्वी उरकाव्यात, आणि तोवर खोके व पावती सांभाळावी. परत पाठवायचे ठरले, तर रिसीव्हर खोक्यात घालण्यापूर्वी फोनमधील मॉक लोकेशनची निवड काढून टाकावी आणि ब्लूटूथची जोडी पुसावी. नाहीतर मधले ॲप शेवटचे स्थानच धरून बसू शकते, आणि फोनचा स्वतःचा जीपीएस ठणठणीत असूनही आपण एसटी स्टँडवर उभे असताना तो आपल्याला कालच्याच बोळात असल्याचे सांगत राहतो.