फॅनफिकमधलं कॅरेक्टर ओओसी का होतं आणि ते कसं टाळायचं

माझ्या पहिल्या शेरलॉक होम्स फॅनफिकमध्ये (म्हणजे दुसऱ्याची कॅरेक्टर्स घेऊन चाहत्याने लिहिलेल्या गोष्टीत) होम्स रडला होता. नुसतं डोळ्यात पाणी वगैरे नाही, वॉटसनचा हात धरून "तू नसतास तर मी संपलो असतो" असलं काहीतरी बोलून हमसून हमसून रडला होता, आणि लिहिताना मीपण रडले होते त्यामुळे मला वाटलं जबरदस्त झालंय. मैत्रिणीने वाचलं आणि एवढंच विचारलं, "नाव खोडलं तर हा कोण आहे?" माझ्याकडे उत्तर नव्हतं.

ओओसी म्हणजे आउट ऑफ कॅरेक्टर. कॅरेक्टरने आधी कधीच न केलेली गोष्ट केली की ओओसी, असं बऱ्याच जणांना वाटतं, पण तसं नाहीये. आधी केलेलंच परत करायचं असेल तर मूळ गोष्टच परत वाचा की. घोळ होतो तो त्याला ती गोष्ट फुकटात, म्हणजे आधी काही तयारी न करता, करायला लावल्यावर.

म्हणून आधी कॅनन, म्हणजे मूळ लेखकाने लिहिलेल्या गोष्टी, परत वाचायचं, आणि या वेळी फॅन म्हणून नाही, चोरासारखं. वही घ्या. तो काय करतो ते एकीकडे, काय बोलतो ते दुसरीकडे आणि बाकीचे त्याच्याबद्दल काय म्हणतात ते तिसरीकडे लिहा, आणि या तिसऱ्या रकान्यावर पटकन विश्वास ठेवू नका. होम्स म्हणजे विचार करणारं मशीन, हे म्हणणारा वॉटसन आहे. एकूण 60 गोष्टी, म्हणजे 4 कादंबऱ्या आणि 56 कथा, आणि त्यातल्या बहुतेक सगळ्या वॉटसनच सांगतो, म्हणजे आपल्याला होम्स दिसतो तो एका मित्राच्या चष्म्यातून. दोन कथा मात्र होम्स स्वतः सांगतो, आणि त्यातल्या एकीत तो जरा नाक मुरडतच कबूल करतो की लिहायला बसल्यावर वाचकाला धरून ठेवावं लागतं हे आता कळतंय. (आयुष्यभर वॉटसनच्या लिखाणाला नावं ठेवून!) हे एक वाक्य मला त्याच्या दहा डिडक्शन्सपेक्षा जास्त उपयोगी पडलं.

फॅनॉनपासून, म्हणजे मुळात नसून नंतर सगळ्यांच्या डोक्यात बसलेल्या गोष्टींपासून, पण सांभाळा. 'एलिमेंटरी, माय डिअर वॉटसन' हे वाक्य मूळ गोष्टींमध्ये असं कुठेच नाही. होम्सच्या त्या कानपट्ट्यांच्या डिअरस्टॉकर टोपीचं नाव पण नाही, ती चित्रकार सिडनी पॅजेटच्या चित्रांमधून डोक्यात बसली. वापरू नका असं नाही, पण आपण कॅनन वापरतोय की दुसऱ्याच्या कॉपीची कॉपी, हे माहीत असलेलं बरं.

आता तो रडण्याचा सीन. मी तो परत लिहिला तेव्हा 'मसग्रेव्ह रिच्युअल' ही मूळ कथा काढली, त्यात होम्सच्या पसाऱ्याचं वर्णन आहे, तंबाखू पर्शियन चपलेत, सिगार कोळशाच्या बादलीत, उत्तर न दिलेली पत्रं फायरप्लेसवरच्या लाकडात चाकूने ठोकलेली, आणि कागद तर तो फेकतच नाही, ढीग साचत जातात. मग मी एवढंच केलं. वॉटसन तापाने फणफणून घरी येतो, महिनाभर कागदांखाली गाडलेली त्याची खुर्ची रिकामी आहे आणि विस्तवाजवळ सरकवलेली आहे. होम्स मान वर न करता म्हणतो, "दार लाव, वारं येतंय." संपला सीन. पसारा न आवरणाऱ्या माणसाने खुर्ची रिकामी केली, म्हणजे आय लव्ह यू म्हणून झालं की त्याचं. मैत्रिणीने या वेळी काही विचारलं नाही.

मग त्याने कधी उघडपणे भावना दाखवायच्याच नाहीत का? दाखवायच्या ना, होम्सचा लेखक डॉयलने पण दाखवल्यात. 1924 च्या 'थ्री गॅरिडेब्ज'मध्ये वॉटसनला गोळी लागते आणि होम्सचे ओठ थरथरतात, क्षणभरच, मग लगेच चाकूने पँट फाडून जखम बघतो, वरवरची आहे म्हणतो आणि गोळी मारणाऱ्याकडे वळून सांगतो की हा मेला असता तर तू इथून जिवंत गेला नसतास. पहिली गोष्ट 1887 ची, म्हणजे इतकी वर्षं थांबून एक क्षण! मी पहिल्या पानावर रडवला होता.

कॅरेक्टर बदलायचंच असेल तर बदलाला जागा शोधा. होम्स 1893 मध्ये छापलेल्या कथेत 'मरतो' आणि 1903 मध्ये परत येतो, गोष्टीच्या आत ती तीन वर्षं भरतात, आणि त्यात तो कुठे कुठे फिरला हे दोन-चार वाक्यांत उरकलंय. तुमचा वेगळा होम्स तिथे घडवा ना, कोण अडवतंय. फक्त परत आल्यावर वॉटसनला फरक जाणवू दे. तो परत येतो तेव्हा वॉटसनला चक्कर येते आणि वॉटसन स्वतःच सांगतो की आयुष्यात पहिल्यांदा आणि शेवटचं असं झालं. वेगळं वागणं आहे हे गोष्टीलाच माहीत असलं की वाचक भांडत नाही.

कॅनन स्वतःच गडबडलेलं असेल तर डोकेफोड करू नका, वॉटसनची जखम एका कादंबरीत खांद्याला आहे, पुढच्या कादंबरीत पायाला, एक निवडा आणि पुढे चला.

स्वतःचं नवीन कॅरेक्टर घालताय? फॅनफिकमध्ये लेखक आपलं लाडकं, सगळ्यात भारी असं नवीन कॅरेक्टर घालतात, पॉला स्मिथने 1973 मध्ये मेरी सू नावाची नायिका लिहिली ती असल्याच कॅरेक्टर्सची टिंगल करायला. मेरी सू परफेक्ट असते म्हणून वैताग येतो असं म्हणतात, मला तरी वाटतं खरा वैताग तिच्यामुळे बाकीचे सगळे आपापला स्वभाव विसरून तिचं कौतुक करायला लागतात त्याचा आहे.

मराठीत लिहिणाऱ्यांना एक जास्तीचं काम आहे आणि मला ते फार आवडतं. इंग्लिशमध्ये सगळ्यांना यू. आपल्याला ठरवावं लागतं, होम्स वॉटसनला तू म्हणेल की तुम्ही? मी आधी आपोआप तू लिहायचे (वरच्या सीनमध्ये पण तूच आहे बघा), आता सुरुवातीच्या दिवसांत दोघांना अहो-जाहो ठेवते आणि 'तू' कधी येणार ते आधीच ठरवून ठेवते. सध्या लिहितेय त्यात हा 'तू' नवव्या चॅप्टरला येतो, वॉटसन दार आपटून निघालाय आणि होम्स जिन्यावरून ओरडतो, "छत्री घे!" घे, घ्या नाही. वॉटसन पायरीवर थांबतो.