उठल्या उठल्या अंधारी येते? आधी पाणी प्या

पहाटे अंथरुणातून झटकन उभं राहिलं की अर्धा ते एक लिटर रक्त पाय आणि पोटाकडे उतरतं. शिरा वेळेवर आवळल्या नाहीत तर रक्तदाब पडतो, डोळ्यांपुढे अंधारी येते, कधी घेरी येऊन माणूस कोसळतो. उतारवयात अशा पडण्यानंच खुब्याचं हाड मोडतं, म्हणून हे मनावर घ्या.

माझ्या आईच्या उशाशी रात्रीच तांब्या-भांडं भरून ठेवलेलं असतं. जाग आली की ती पलंगावर बसूनच दोन भांडी, म्हणजे साधारण अर्धा लिटर साधं पाणी तीन-चार मिनिटांत संपवते. घोट घोट करत तासभर पिण्याचा तेवढा उपयोग नाही. पाणी पोटात गेलं की शिरा आवळणाऱ्या मज्जातंतूंना चालना मिळते. पाचेक मिनिटांत फरक सुरू होतो, अर्ध्या तासाच्या आसपास सर्वात जास्त असतो आणि तासाभरानं ओसरू लागतो. फरक सुरू होईपर्यंत ती पाय खाली सोडून पोटऱ्या आवळत बसते, मग भिंतीला धरून उठते.

रक्तदानाआधी किंवा देवळाच्या लांब रांगेत उभं राहण्याआधीही हेच करा. झोपताना मात्र नको; आडवं असताना काहींचा दाब उलट चढतो. हृदय किंवा मूत्रपिंडाच्या आजारामुळे पाणी मोजून प्यायला सांगितलं असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. आणि बीपीच्या गोळ्या सुरू असताना अंधारी येत असेल तर बसून व उभं राहून, दोन्ही वेळचा दाब मोजून घ्या.