हिवतापाचा डास नेमका कधी चावतो?

हिवतापाचा प्रसार करणारी ॲनाफिलिस जातीची मादी सूर्यास्तानंतर रक्ताच्या शोधात निघते आणि पहाटेपर्यंत चावत राहते. दिवसा चावणारा डास बहुधा डेंग्यू पसरवणारा एडिस असतो, त्यामुळे दोघांसाठी एकच वेळापत्रक लावून चालत नाही. नाशिकसारख्या शहरात गच्चीवरील उघड्या टाक्यांत आणि बांधकामावरील साठवलेल्या पाण्यात वाढणारी ॲनाफिलिस स्टीफेन्सी संध्याकाळपासूनच सक्रिय होते. म्हणून केवळ झोपताना मच्छरदाणी लावणे पुरेसे नाही. दिवेलागणीच्या आधी दारे-खिडक्या लावून घ्याव्यात, आणि पावसाळ्यात किंवा त्यानंतरच्या दिवसांत गोदाकाठी, ओट्यावर किंवा गच्चीत बसायचे असल्यास पूर्ण बाह्यांचे कपडे घालून उघड्या अंगाला डासरोधक मलम लावावे.

निफाड-दिंडोरीकडील शेतकऱ्यांचा प्रश्न अधिक अवघड आहे, कारण शेतीची वीज रात्री असेल तेव्हा द्राक्षबागेला पाणी देण्यासाठी डासांच्या ऐन वेळेतच बाहेर राहावे लागते. तिथे मच्छरदाणीचा सल्ला निरुपयोगी ठरतो आणि मलम काही तासांनी पुन्हा लावणे हाच व्यवहार्य मार्ग उरतो. घरी झोपणाऱ्यांनी मात्र मच्छरदाणीच्या कडा गादीखाली नीट खोचाव्यात व ती उजाडेपर्यंत काढू नये. उबदार हवेत अंड्यापासून डास होण्यास साधारण आठ-दहा दिवस लागतात, म्हणून पाण्याची भांडी आठवड्यातून एकदा घासून कोरडी करावीत. थंडी वाजून ताप आल्यास त्याच दिवशी रक्त तपासून घ्यावे. सरकारी आरोग्य केंद्रांत ही तपासणी मोफत होते.