पहाटे मासे वर का येत होते?

नाशिकच्या घरामागे सिमेंटचं टाकं आहे, सहा फूट बाय चार, खोली दोन फूट. त्यात नऊ गोल्डफिश. एप्रिलअखेर पाणी हिरवंगार झालं आणि पहाटे मासे वर येऊन तोंडं उघडमीट करायला लागले. ऊन चढलं की पुन्हा ठणठणीत! हा आजार नाही, प्राणवायूची ओढाताण आहे, हे कळेपर्यंत दोन मासे गेले. शेवाळ दिवसा प्राणवायू सोडतं, रात्री मात्र तोच ओढून घेतं. शिवाय कोमट पाण्यात तो मुळातच कमी विरघळतो.

आधी घाबरून मी सगळं पाणी उपसून नळाचं भरलं होतं. शुद्ध मूर्खपणा, चार दिवसांत पुन्हा हिरवं. आता आठवड्याला पाव हिस्साच बदलतो, तेही दिवसभर पिंपात उघडं ठेवून क्लोरीन उडालेलं. दुपारच्या उन्हासाठी वर हिरवी जाळी, दोन कुंड्यांत वॉटर लिली, रात्रभर छोटा एअर पंप. खाणं निम्म्यावर आणलं (नातवंडांचा हात आवरणं सगळ्यात अवघड). तीनेक आठवड्यांनी तळ दिसला.

पावसाळ्यात वेगळीच तऱ्हा. टाकं काठोकाठ भरून एक मासा थेट गटारात गेला. मग काठाखाली चार बोटांवर पाइप काढून तोंडाला जाळी बांधली. थंडीत मासे मंदावतात, तेव्हा खाणं दिवसाआड, तेही ऊन वर आल्यावर.